ऑडी टीटीच्या एबीएस मॉड्यूलचे शोरूमने सव्वातीन लाख सांगितलेत. ठाणे-नवी मुंबईत कमी खर्चात काम होईल का?

होईल, आणि सव्वातीन लाखांच्या बरंच खाली होईल. पण मॉड्यूल खरंच गेलंय का, हे आधी बघू.

तुम्ही लिहिलंय की गाडी २०१० ची, तुम्ही तिसरे मालक. घोडबंदर रोडला अर्धा तास अडकलं की एबीएस (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आणि ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) यांचे पिवळे दिवे लागतात, रात्रभर गाडी थंड झाली की सकाळी गायब. शोरूमने स्कॅनर लावला आणि ‘मॉड्यूल खराब, नवीनच टाका’ म्हणून सांगितलं. यात दोषाचा कोड नंबर कुठेच नाही. स्कॅनर फक्त कोड दाखवतो, त्याचा अर्थ माणूस लावतो. तेव्हा उद्या जाऊन त्या स्कॅनचा प्रिंट मागा. स्कॅनिंगचे पैसे घेतलेत ना, मग तो कागद तुमचा.

मी पोटापाण्यासाठी रबाळे एमआयडीसीत कारखान्यांतल्या मोटरचे ड्राइव्ह आणि पीएलसीची, म्हणजे मशिनं चालवणाऱ्या कंट्रोलरची, कार्डं दुरुस्त करतो. गाड्या हा धंदा नाही, खाज आहे. माझ्याकडेही साधारण त्याच काळातली एक दोन दारांची गाडी आहे आणि तिच्या याच दुखण्यात माझे दोन पावसाळे गेले. त्यातला पहिला निव्वळ माझ्या शहाणपणामुळे.

शोरूमवाले फसवतायत असं मी म्हणणार नाही. त्यांच्याकडे दुरुस्ती हा प्रकारच नसतो, बदली असते. त्यांच्या टेक्निशियनने युनिट उघडून टाका मारला आणि उद्या काही झालं, तर मान त्याची अडकणार. मग तो कशाला उघडेल?

एक गोष्ट आधी. फक्त पिवळे दिवे असतील तर पायाखालचा साधा ब्रेक चालू असतो, सावकाश चालवून गॅरेजपर्यंत जाता येतं. पिवळ्यासोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला तर गाडी जागेवर ठेवा आणि टोइंग बोलवा. या गाड्यांत पुढच्या-मागच्या चाकांना किती ब्रेक द्यायचा, हेही एबीएसचं युनिटच ठरवतं. ते पूर्ण झोपलं तर जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं आधी लॉक होऊ शकतात, आणि ओल्या रस्त्यावर गाडी गर्रकन फिरते.

आता माझा पहिला पावसाळा. दिवे लागले, शोरूमने मोठा आकडा सांगितला. मी इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस, म्हटलं मॉड्यूलच असणार. काढलं आणि दुरुस्तीला पाठवलं. आठ दिवसांनी परत आलं, ‘बेंचवर व्यवस्थित चालतंय’ अशी चिठ्ठी आणि टेस्टिंगचं बिल घेऊन. बसवलं, दिवे परत हजर. शेवटी वागळे इस्टेटमधल्या एका म्हाताऱ्या वायरमनकडे गेलो. त्याने कोडकडे बघितलंही नाही. लॅपटॉपवर चारही चाकांचा वेग एकाच वेळी दिसेल असं लावलं, मला गाडी चालवायला सांगितली आणि स्वतः शेजारी बसला. तीन चाकं वीसच्या आसपास आणि मागचं डावं प्रत्येक खड्ड्याला शून्य. परत आल्यावर त्याने टॉर्च घेऊन चाकाच्या वरच्या पोकळीत हात घातला आणि वायर ओढून दाखवली. उंदराने कुरतडली होती. आतली तांब्याची तार हिरवी पडलेली, दोन-तीन केसांवर सगळं चाललेलं. सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगची कृपा. वायर आणि मजुरी मिळून दोन हजारांच्या आत. हे आधी केलं असतं तर मॉड्यूलला हात लावायची गरजच नव्हती.

म्हणून तुमच्याही गाडीत कमी पैशांच्या गोष्टी आधी संपवा. बॅटरी पहिली. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास असायला हवेत. सेल्फ मारताना व्होल्टेज फार पडलं तर एबीएस बिचारं दिवा लावून मोकळं होतं. मग अर्थिंगचे नटबोल्ट आणि फ्यूज. मग ब्रेक लाइटचा स्विच. तो अधूनमधून मरतो, आणि ऑटोमॅटिक गाडीत कधीकधी गिअर ‘पी’मधून निघत नाही, ही त्याची खूण. बॅटरी काढून लावली असेल आणि नुसता ईएसपीचा दिवा उरला असेल, तर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून थोडी गाडी चालवा, बऱ्याचदा आपोआप जातो.

चाकांच्या सेन्सरबाबत एक सांगतो, कारण यात चांगले मेकॅनिकही फसतात. जुन्या गाड्यांत मल्टीमीटरने सेन्सरचे ओहम मोजून तो जिवंत आहे की मेलाय ते कळायचं. तुमच्या गाडीतले सेन्सर ॲक्टिव्ह आहेत, त्यांना चालायला वीज लागते, नुसते ओहम मोजून काही कळत नाही. कोणी मीटर लावून ‘सेन्सर गेला’ म्हणाला तर नम्रपणे गाडी बाहेर काढा. दुसरं म्हणजे, सेन्सर जी चुंबकी रिंग वाचतो ती बेअरिंगमध्येच असते. आधीच्या मालकाने बेअरिंग बदललं असेल आणि ते चुकीचं असेल, तर सेन्सर कितीही नवा टाका, त्या चाकाचा सिग्नल येत नाही.

हे सगळं ठीक निघालं आणि कोड मॉड्यूलकडेच बोट दाखवत असेल, तर पुढचं वाचा. गरम झाल्यावर दिवे आणि थंड झाल्यावर बरं, हे तुमचं लक्षण खरं तर मॉड्यूलच्या बाजूचंच आहे. पण माझीही कुरतडलेली वायर कधी बरी, कधी वाईट असायची, म्हणून एवढं पाल्हाळ.

एबीएसचं युनिट म्हणजे तीन वस्तू एकमेकांना चिकटलेल्या असतात: ॲल्युमिनियमचा ठोकळा, ज्यात ब्रेक ऑइलच्या नळ्या येतात. त्याच्या एका अंगाला पंपाची मोटर. दुसऱ्या अंगाला काळा प्लास्टिकचा डबा, तो म्हणजे कॉम्प्युटर. शोरूम तिन्ही एकत्र विकतं. मरतं मात्र यातलं एकच काहीतरी.

माझ्या दुसऱ्या पावसाळ्यात खरंच मॉड्यूल गेलं. ठाण्यातलाच एक मित्र ईसीएम, म्हणजे गाडीतले कॉम्प्युटर, दुरुस्तीचं काम करतो, त्याच्या टेबलाशी मी उभा होतो. डब्याचं झाकण स्क्रूचं नव्हतं, चिकटवून बंद केलेलं. त्याने बारीक कटर कडेकडेने फिरवला आणि झाकण अंड्याच्या टरफलासारखं उचललं. आत पारदर्शक जेली. जेलीखाली पांढऱ्या पट्टीवर ॲल्युमिनियमच्या तारा, कमानीसारख्या वाकवलेल्या. भिंगाखाली सगळ्या सारख्याच दिसत होत्या. मग त्याने लाकडी टूथपिकने एकेकीला हलकंच ढकललं. पाचवी की सहावी तार पायापासून सुटली. बस, तेवढंच. वर्षानुवर्षं इंजिनाच्या उष्णतेने ताणली आणि आक्रसली, खड्ड्यांनी हलली आणि पाय सोडला. गरम झालं की सुटायची, थंड झालं की टेकायची.

त्या तारेला साध्या सोल्डरिंगने टाका लागत नाही. तेव्हा दुरुस्ती करणाऱ्याला विचारायचा पहिला प्रश्न हाच: ‘आतल्या बाँड वायरचं (म्हणजे त्याच बारीक तारांचं) काय करता?’ बाँडिंग मशीन आहे असं सांगितलं किंवा ती तार कशी बदलतो ते समजावून दिलं, तर पुढे बोला. ‘गरम करून टाके मारतो’ म्हणाला तर चहा पिऊन निघा. दुसरा प्रश्न, बसवण्याआधी बेंचवर गरम करून तपासता का? तिसरा, वॉरंटी कागदावर देता का? मला एक वर्षाची मिळाली. दुरुस्तीला अठरा हजार गेले, काढणं-बसवणं आणि ब्रेक ऑइल मिळून साडेचार हजार.

तुमच्या बाबतीत एक बारकावा आहे. फोक्सवॅगन गटाच्या त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांत एमके६० घराण्याचं युनिट येतं. त्यात ०१४३५ हा कोड, म्हणजे ब्रेक प्रेशर सेन्सर जी२०१, हे ओळखीचं दुखणं आहे. तो सेन्सर काळ्या डब्यात नसून ठोकळ्यात असतो. तुमच्या प्रिंटवर हा कोड असेल तर नुसता डबा पाठवून उपयोग नाही, आख्खं युनिट उतरवावं लागेल. उलट पंपाच्या मोटरचा पुरवठा किंवा कंट्रोलरचा अंतर्गत दोष असा कोड असेल, तर पुष्कळदा स्क्रू काढून डबा तेवढा सुटतो आणि ब्रेकच्या नळ्यांना हात लावावा लागत नाही. काम निम्मं, जोखीम त्याहून कमी. म्हणून तो कोड मी एवढा मागतोय.

आपलंच युनिट दुरुस्त करून परत बसवण्याचा मोठा फायदा म्हणजे कोडिंग (तुमच्या गाडीनुसार भरलेली माहिती) आतच असतं, त्यामुळे शोरूमच्या पाया पडावं लागत नाही. जुना माल घ्यायचा म्हटला तर कुर्ल्याला सीएसटी रोडवर मिळू शकतो. मेकॅनिक शोधताना एक युक्ती चालते: दुसऱ्या पिढीची टीटी आणि आपली स्कोडा लॉरा एकाच पीक्यू३५ प्लॅटफॉर्मवरच्या, म्हणजे मूळ सांगाडा एकच. त्यामुळे लॉरावर हात बसलेला मेकॅनिक तुमच्या गाडीलाही घाबरत नाही, आणि असे मेकॅनिक तुर्भे, वागळे इस्टेटकडे शोधले तर सापडतात. पण याचा अर्थ लॉराचं युनिट टीटीत चालेल असा नाही. पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळायला हवा, वर तुमच्या गाडीचं कोडिंग करावं लागतं. शिवाय आपल्याकडे दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या पार्किंगमध्ये पाणी शिरतं आणि ते भिजलेले सुटे भाग बाजारात येतात. कपलरच्या पिनांवर हिरवट-पांढरा थर दिसला तर वस्तू खाली ठेवा. माझं मत विचाराल तर ब्रेकसाठी जुना माल हा शेवटचा मार्ग, तोही आपलं युनिट दुरुस्तीपलीकडे गेलं असेल तरच.

आणखी एक पर्याय तुम्हाला कोणीतरी नक्की देईल, तोही अगदी हसत. ‘साहेब, हजार रुपये द्या, दिवा बंद करून देतो.’ म्हणजे बल्बच काढायचा, नाहीतर त्याची वायर दुसऱ्या दिव्याला जोडायची. पहिल्या पिढीच्या टीटीला युरोपात भर वेगात अपघात झाले, तेव्हा ऑडीने गाड्या परत बोलावून ईएसपी आणि मागे छोटा स्पॉयलर बसवून दिला होता. तुमच्या गाडीतला ईएसपी शोभेचा नाही. दिवा बंद करणाऱ्याच्या गॅरेजमध्ये पुन्हा पंक्चर काढायलाही जाऊ नका.

नळ्या उघडल्या तर ब्रेक ऑइल सगळं नवीन, सीलबंद डब्यातलं, डॉट ४. ते हवेतलं पाणी ओढतं. नवं डॉट ४ किमान २३० अंशांना उकळतं, पाणी मुरलेल्याची हमी फक्त १५५ ची. अर्धा वापरलेला डबा मेकॅनिकच्या फळीवर पावसाळाभर पडलेला असतो, तो नको. एअर काढताना नुसतं पेडल मारून भागत नाही, स्कॅनरने एबीएसचा पंप चालवून युनिटच्या आतली हवाही काढावी लागते. नंतर स्टिअरिंग अँगल आणि प्रेशर सेन्सरचं बेसिक सेटिंग करायचं, म्हणजे त्यांचा शून्य कुठे ते कॉम्प्युटरला नव्याने शिकवायचं. ज्याच्या स्कॅनरमध्ये ही दोन कामं होत नाहीत, त्याने युनिट उतरवूच नये. पेडल स्पंजासारखं लागलं तर गाडी ताब्यात घेऊ नका, त्याने कितीही ‘दोन दिवसांत सेट होईल’ म्हटलं तरी. ब्रेक सेट होत नसतो.

मी चाचणी रविवारी सकाळी रबाळे एमआयडीसीतल्या रिकाम्या रस्त्यावर घेतली. चाळीसच्या वेगात, मागे कोणी नाही बघून, पूर्ण ब्रेक. पायाखाली ती ओळखीची थरथर आली तेव्हा कुठे जिवात जीव आला.

युनिट दुरुस्तीला जाईल तेवढे आठ-दहा दिवस गाडी हलवायची नाही. ठोकळा उतरवला असेल तर त्याच्या भोकांना आणि मोकळ्या नळ्यांना बुचं लावून घ्या, ब्रेक ऑइलचे थेंब रंगावर पडू देऊ नका, रंग सोलून निघतो. मोकळ्या कपलरवर प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधा. आणि बोनेटखाली डांबराच्या गोळ्यांची पुरचुंडी ठेवा. आमच्या वायरमनचा हा उपाय उंदरांना मान्य आहे की नाही माहीत नाही, पण माझ्या गाडीला तेव्हापासून त्यांनी तोंड लावलेलं नाही.