नववीतल्या मुलीला भौतिकशास्त्रज्ञ व्हायचंय. पुण्यातलं कुणाचं उदाहरण सांगू?

रोहिणी गोडबोले यांचं, जरूर. १९५२ साली पुण्यात जन्म, हुजूरपागेत शाळा, एस. पी. कॉलेजातून बी.एस्सी.; पुढे आयआयटी मुंबई आणि अमेरिकेत पीएच.डी. पण पदव्यांपेक्षा तिला त्यांचं काम सांगा. प्रचंड वेगाचे कण एकमेकांवर आदळतात तेव्हा प्रकाशाचे कण, म्हणजे फोटॉनही, आपसांत टकरून नव्या कणांचे झोत उधळतात, हे त्यांनी भौतिकशास्त्रज्ञ मॅन्युएल ड्रीस यांच्यासोबत गणिताने दाखवलं. कण असे आदळवणारी पुढची यंत्रं आखताना या पसाऱ्याचा हिशोब धरावा लागतो. आपल्या पेठांमधल्या शाळेतून निघालेली मुलगी तिथवर पोचली, याचा मला फार अभिमान वाटतो! विज्ञानातल्या बायकांसाठीही त्या आयुष्यभर झटल्या. २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. २०२४ मध्ये पुण्यातच गेल्या.

आणि हो, आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेत महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्यानं असतात, तिथे तिला घेऊन जा.