ध्यानाला बसलं की डोक्यात कुकरच्या शिट्ट्या

मागच्या अंकात ध्यानधारणेबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं, तर पत्रं आणि मेल मिळून ढीगच जमला. बरेचसे प्रश्न एकाच वळणाचे होते, त्यातले काही निवडलेत. नावं अर्थातच छापत नाहीये.

प्रश्न : मी शाळेत शिकवते. पहाटे उठून मोबाईलवर अ‍ॅप लावून दहा मिनिटं बसते, पण डोळे मिटले की कुकर लावला का, डब्याला काय करायचं, आठवी 'ब'चे पेपर राहिलेत, हेच सुरू. मन काही केल्या रिकामं होत नाही. हे माझ्याच्याने होणारच नाही का? (सांगली)

उत्तर : ताई, मन रिकामं करायला तुम्हाला सांगितलं कुणी? हा गैरसमज इतका पसरलाय की चांगली चांगली माणसं आठवड्याभरात ध्यान सोडून देतात. मन पळणारच, तो त्याचा धंदाच आहे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात अर्जुनसुद्धा हीच तक्रार करतो, माकडाला कधी समाधी लागेल का आणि सोसाट्याच्या वाऱ्याला थांब म्हटलं तर तो थांबेल का, असं विचारतो. त्यावर देव त्याला झापत नाहीत, ते म्हणतात मनात एक गुण चांगला आहे, जिथे गोडी लागली तिथे ते सोकावतं, तर त्याला अनुभवाचं सुख दाखवत राहा. मला हे उत्तर फार आवडतं, कारण त्यात मनाशी मारामारी नाहीये.

आता करायचं काय, तर नाकपुड्यांच्या तोंडाशी आणि वरच्या ओठाच्या वर जो छोटासा भाग आहे तिथे लक्ष ठेवायचं. श्वास आत जाताना तिथे जरा गार लागतं, बाहेर येताना कोमट, बस एवढंच बघायचं. श्वास मुद्दाम लांबवायचा नाही, मोजायचा नाही, ते प्राणायामाचं काम. मग कुकर आठवेल, आठवू दे. 'अरे, गेलं वाटतं' हे ज्या क्षणी कळलं तो क्षण म्हणजे ध्यान, बाकी सगळी तयारी. जत्रेत हात सोडून पळालेल्या पोराला जसं न ओरडता बोट धरून परत आणतो तसं लक्ष परत श्वासावर आणायचं. दहा मिनिटांत चाळीस वेळा गेलं आणि चाळीस वेळा आणलंत तर बैठक उत्तम झाली समजा.

आणि हो, कुकर लावूनच बसा ना! पेपर कधी तपासणार तेही कागदावर लिहून ठेवा, अर्ध्या विचारांना तिथेच जागा मिळते. अ‍ॅप सुरुवातीला ठीक, पण त्यातल्या बाई सतत बोलत राहतात आणि आपण त्यांना ऐकत बसतो, म्हणून थोडी सवय झाली की अ‍ॅप बंद करून साधा टायमर लावा.

प्रश्न : आयटीत आहे, यूएस शिफ्ट. ध्यानाला बसलो की पाच मिनिटांत डुलकी लागते. काय चुकतंय? (हिंजवडी)

उत्तर : मित्रा, तुझी झोप अपुरी आहे, ध्यान काही चुकत नाहीये. आधी झोप पुरी कर, तिला पर्याय नाही. जेवल्या जेवल्या बसू नकोस, बेडवर तर अजिबात नको, आणि पेंग आलीच तर उठून खोलीतल्या खोलीत सावकाश चाल आणि पाऊल टेकतं उचलतं तिकडे लक्ष दे, तेही ध्यानच आहे.

प्रश्न : मी रिटायर्ड आहे, रोज माळ घेऊन रामनामाचा जप करतो. मुलगा म्हणतो बाबा हे मेडिटेशन नव्हे, मेडिटेशन सायंटिफिक असतं. (सातारा)

उत्तर : काका, मुलाला हर्बर्ट बेन्सन या माणसाबद्दल वाचायला सांगा. हार्वर्डमधले हृदयरोगतज्ज्ञ, 1970च्या दशकात त्यांनी मंत्राचं ध्यान करणाऱ्यांना लॅबमध्ये बसवून तपासलं, तर ऑक्सिजनचा वापर कमी झालेला, श्वास आणि हृदयाचे ठोके संथ झालेले. त्यांनी त्यातून दोनच गोष्टी काढल्या, एक म्हणजे एखादा शब्द किंवा प्रार्थना पुन्हा पुन्हा म्हणणं आणि दुसरं म्हणजे मध्ये विचार आले तर त्यांच्या मागे न लागता परत त्या शब्दावर येणं. तुम्ही दुसरं काय करताय? फक्त जप करताना एक डोळा टीव्हीवरच्या बातम्यांवर असेल तर मात्र मुलगा जिंकला.

प्रश्न : ऑफिसचं टेन्शन फार आहे. मैत्रीण इगतपुरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं मौन शिबिर करून आली, एकदम शांत झालीये. मलाही जायचंय, पण माझ्या डिप्रेशनच्या गोळ्या सुरू आहेत. रिलॅक्स व्हायला गेलं तर चालेल का? (ठाणे)

उत्तर : यात दोन प्रश्न आहेत. आधी गोळ्यांचं. स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करायची नाही. शिबिराच्या अर्जात मानसिक आजार आणि औषधं विचारतात, तिथे खरं तेच लिहा. गंभीर मानसिक आजार असलेल्यांना हे शिबिर करू नका असं शिबिरवालेच सांगतात, आणि ते बरोबर आहे, कारण दहा दिवस कुणाशी न बोलता दिवसाला दहा तासांच्या आसपास बसलं की आतलं बरंच काही वर येतं. आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला. ते आत्ता नको म्हणाले तर आत्ता नको. घरी रोज पंधरा मिनिटं बसायला चालेल का, तेही त्यांनाच विचारून घ्या.

दुसरं रिलॅक्स होण्याचं. ताई, ते रिसॉर्ट नाहीये. पहाटे चारला घंटा, अकराला जेवण, संध्याकाळी नव्या साधकांना चहा आणि थोडं फळ की खाणं संपलं. फोन, पुस्तक, वही-पेन सगळं जमा. पहिले तीन दिवस फक्त श्वास, चौथ्या दिवसापासून डोक्यापासून पायापर्यंत अंगावरच्या संवेदना बघायच्या, आणि पुढे दिवसातून तीन वेळा तासभर न हलता. गुडघे बोलायला लागतात. फी नसते, आधीच्या साधकांच्या दानावर चालतं, आणि दानही शिबिर पूर्ण केलं तरच घेतात.

गंमत बघा, ज्या गोयंकागुरुजींनी 1969मध्ये ही विपश्यना बर्मातून भारतात आणली आणि ज्यांचं इगतपुरीचं केंद्र 1976पासून सुरू आहे, ते स्वतः आधी मायग्रेन बरं करायलाच तिथले विपश्यनेचे गुरू सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले होते. आणि गुरूंनी चक्क नाही म्हटलं! डोकेदुखीसाठी येणार असाल तर नको, मनाचा मळ काढायला येणार असाल तर या, दुखणं त्याच्या ओघात गेलं तर गेलं. हे ऊ बा खिन कुणी मठातले भिक्खू नव्हते हं, बर्मा सरकारचे अकाउंटंट जनरल होते, ऑफिसचं टेन्शन त्यांना काही नवं नसणार. म्हणून म्हणते, जायचं तर मैत्रीण शांत झाली म्हणून नको, स्वतःकडे बघायची तयारी असेल तर जा.

प्रश्न : ध्यानात कपाळापाशी निळा प्रकाश दिसतो. आमच्याकडचे एक गुरुजी म्हणतात दोन भुवयांमधलं आज्ञाचक्र उघडतंय, पुढच्या लेव्हलचा कोर्स करा. फी बरीच आहे. ही प्रगती समजायची का? (नागपूर)

उत्तर : डोळे मिटून बसलं की अनेकांना रंग दिसतात, ठिपके दिसतात, कुणाला अंग हलकं वाटतं. दिसलं तर दिसलं, परत श्वासावर या. प्रगती बघायचीच असेल तर घरच्यांना विचारा, स्वतःला नको. पूर्वी रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून जेवढा वेळ भांडायचात तेवढाच आता भांडता का, आईने तेच तेच चौथ्यांदा विचारलं तर आवाज चढतो का, आणि चढलाच तर किती वेळ चढलेला राहतो. यात फरक पडत नसेल तर प्रकाश निळा असो नाहीतर केशरी. कोर्सची फी सध्या भरू नका.