बडोद्यात घरामागच्या कारंज्याची आणि तळ्याची देखभाल कोणाकडे द्यावी?

तुम्ही लिहिलंय की नातेवाइकांच्या मते बडोद्यात हे काम कोणाला येत नाही, म्हणून मुंबईची नाहीतर अहमदाबादची कंपनी गाठून वर्षाचा करार करायचा विचार आहे. कोणाला नेमायचं ते नंतर सांगते, आधी हे खोडून काढते. या गावात १८७९ पासून कामाठीबाग आहे, भर वस्तीत सुरसागर तलाव आहे, गावाजवळच्या आजव्याच्या बागेतली कारंजी बघायला पिढ्यान्‌पिढ्या सहली गेल्या. अशा गावात कारंज्याचा पंप कळणारा माणूस नाही? माणसं आहेत. त्यांची वेबसाइट नाही, एवढंच.

आमचं घर कारेलीबागेत. मागच्या अंगणात बाबांनी हौद बांधून घेतला होता, मधोमध छोटं कारंजं, लिली आणि गप्पी मासे. बाबा गेल्यावर दादाने पुण्याहून फोनवरच एका कंपनीशी वर्षाचा करार ठरवला. त्याचं म्हणणं, कागदावर सही करणारा माणूसच जबाबदार असतो. मी म्हणत होते, ज्या कडियाकाकांनी (कडिया म्हणजे गवंडी) हौद बांधला तेच बघू देत. माझं कोणी ऐकलं नाही.

पुढे एका मे महिन्यात हौदाचं पाणी रोज उतरायला लागलं. कंपनीचा मुलगा आला, काठाकाठाने टॉर्च फिरवला आणि म्हणाला, ‘बेन, लीकेज छे. आखुं वॉटरप्रूफिंग फरीथी करवुं पडशे.’ म्हणजे तळ उखडायचा, नवा कोबा घालायचा, वर रसायनाचे थर द्यायचे, मासे तोवर टबात. कोटेशनचा आकडा बघून आई खालीच बसली. दादा फोनवर म्हणाला, करून टाका, गॅरंटी देतायत ना.

मी त्याच संध्याकाळी कडियाकाकांना बोलावलं. त्यांनी टॉर्च मागितला नाही, बादली मागितली. बादलीत वीट ठेवून ती हौदाच्या पायरीवर उभी केली, आत आणि बाहेर पाण्याची पातळी एकसारखी येईल इतकी भरली, आणि दोन्हीकडे कोळशाने रेघ मारली. पंप बंद करायला लावला आणि गेले. दुसऱ्या दिवशी बघितलं तर हौदातलं आणि बादलीतलं पाणी सारखंच उतरलेलं, करंगळीच्या नखाएवढं. बादली काही गळत नव्हती. म्हणजे ते पाणी उन्हाने गेलं, हौद धड आहे. मग पुन्हा रेघा मारून कारंजं चालू ठेवलं, बादली तुषारांपासून लांब सरकवली. या वेळी बादलीतलं पाणी तेवढंच उतरलं आणि हौदातलं चांगलं चार बोटं. गळती पंप चालतो तेव्हाच होते, हे तिथेच कळलं.

काका पाइपाच्या कडेने चालत भिंतीपर्यंत गेले. तिथे जास्वंद उन्हाने मान टाकून उभी होती, आणि तिच्या मागे अळू मात्र हातभर पानं काढून माजलेलं. त्यांनी अळवाच्या मुळाशी खुरपं घातलं तर खाली चिखल. पाइपाच्या जोडातला रबरी वायसर वाळून चिरला होता. तो बदलला, संपलं. काकांनी मजुरी घेतली ती अर्ध्या दिवसाची.

दादा अजून म्हणतो की ते नशिबाने सापडलं. नशीब कसलं? बादली आणि कोळसा प्रत्येकाच्या घरात असतो. गॅरंटी नव्या कोब्याची होती. जुना कोबा फोडायची गरज आहे का, हे त्या करारात कोणीच तपासायचं नव्हतं. आणि तळ फोडून नवा केला असता तरी वायसर गळतच राहिला असता.

आता तुमचं. माणूस येईल तेव्हा विचारा, फिल्टरचा स्पंज कसा धुणार? ‘नळाखाली घासून’ म्हणाला तर चहा पाजून परत पाठवा. त्या स्पंजात माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू असतात आणि नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने ते मरतात. स्पंज हौदाच्याच बादलीभर पाण्यात पिळायचा. ‘सगळं रिकामं करून ब्लीचिंग पावडरने चकाचक करून देतो’ म्हणणारा तर दारातही नको. पाणी आठवड्याला थोडंच बदलायचं, तेही टाकीत आदल्या दिवशी उघडं ठेवलेलं. पाणी हिरवं झालं की औषध विकणारे बरेच भेटतील, पण खरं कारण ऊन आणि जास्त खाणं असतं. लिलीच्या पानांनी निम्मं पाणी झाकू द्या आणि माशांना घालायचं खाणं कमी करा. बोअरिंगच्या पाण्याने नॉझलवर पांढरा थर चढतो, त्यासाठी नॉझल काढून व्हिनेगरमध्ये बुडवायचं. संगमरवराला मात्र व्हिनेगर किंवा ॲसिड कशाचाच थेंब लागू देऊ नका.

असा माणूस नर्सरीत, माशांच्या दुकानात विचारलं की सापडतो. जवळच्या देवळात किंवा सोसायटीत कारंजं नीट चालत असेल तर ते कोण बघतं ते विचारा आणि त्याचं काम मे महिन्यात जाऊन बघा. फोटोवर जाऊ नका. पैसे खेपेप्रमाणे द्या. वर्षाचा करार करायचाच असेल तर पंप बिघडल्यास खर्च कोणाचा आणि मासे मेले तर काय, हे त्यात लिहून घ्या. आमच्या करारात यातलं काहीच नव्हतं, दादाने तो वाचून सही केली होती तरी.

एक राहिलं. विजेचं काम कडियाला किंवा माळ्याला सांगू नका, माझ्या काकांनाही मी सांगत नाही. पाण्यातल्या पंपाला आणि दिव्यांना अर्थिंग आणि ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) हवाच, तो परवानाधारक वायरमनकडूनच बसवून घ्या. तुमचं तळं खूप मोठं असेल, प्रेशर फिल्टर वगैरे असेल, तर कंपनी लागेलही. आणि बाहेरगावी जाताना कारंजं बंद करणार असाल तर हौदात डासाच्या अळ्या खाणारे गप्पी आहेत ना ते आधी बघा. साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो, आणि डेंग्यूच्या डासाला स्वच्छ पाणीही चालतं.