जिरा, ट्रेलोसारख्या सॉफ्टवेअरने प्रोजेक्ट टीमचा उत्साह टिकतो का?

नुसतं सॉफ्टवेअर आणून नाही टिकत. हिंजवडीत आमची नऊ जणांची टीम. पहिले तीन महिने जिराचा बोर्ड (प्रत्येक कामाचं एक कार्ड, ते काम पुढे जाईल तसं रकान्यांतून सरकवायचं) म्हणजे हजेरीपटच झाला होता. रोज सकाळी एकच प्रश्न, "तुझं कार्ड अजून तिथंच का?" मग काय, लोक कामापेक्षा कार्डंच सरकवायला लागले.

फरक पडला एका साध्या सेटिंगने. कानबान पद्धतीच्या बोर्डवर प्रत्येक रकान्यात जास्तीत जास्त किती कार्डं असावीत याचा आकडा देता येतो (मूळ कल्पना टोयोटाच्या कारखान्यातली). 'चालू काम'ला आम्ही बारा ठेवला. तेरावं कार्ड आलं की रकाना लाल! सॉफ्टवेअर अडवत नाही, फक्त दाखवतं. पण लाल दिसला की नवं काम न उचलता ज्याचं काम अडकलंय त्याच्या खुर्चीपाशी मदतीला जायचं, हे ठरलं. आमची टेस्टर त्या आठवड्यात पहिल्यांदा साडेपाचला निघाली, वाकडच्या गर्दीआधी घरी.

आणि हो, स्टोरी पॉइंटवरून माणसांची तुलना अजिबात करू नका. ते कामाच्या आकाराचा अंदाज बांधायला असतात. अप्रेझलमध्ये घुसले की पुढच्या स्प्रिंटला (म्हणजे कामाच्या ठरावीक मुदतीच्या टप्प्याला) तीन पॉइंटचं काम आठचं होतं, आमच्याकडे झालंय.