राल्फ मूनी, आणि साथीदाराचं नाव

राल्फ मूनी. मी एकच नाव देते, यादी करत बसत नाही.

तुम्ही विचारलंय की पेडल स्टील गिटार (पुढ्यात आडवी ठेवून, पायाने पेडल दाबून सूर वाकवत वाजवायची गिटार) वाजवणाऱ्यांत ज्याचं म्हणावं तेवढं कौतुक झालं नाही असा कोण, त्याला ऐकायला सुरुवात कुठून करायची, आणि हे वाद्य घरच्या घरी शिकता येतं का. शिकण्याचं शेवटी बघू. असा प्रश्न आला की बहुतेक लोक बडी एमन्सचं नाव घेतात, तो थोर होताच, पण त्याला दुर्लक्षित कसं म्हणायचं, त्याच्या आडनावाने गिटारची कंपनी निघाली. मूनीचं तसं नाही. ज्यांच्या घरी मर्ल हॅगर्ड आणि वेलन जेनिंग्स हे कंट्री गायक रोज लागतात अशा लोकांनासुद्धा त्याचं नाव सांगता येत नाही, आणि गाणं मात्र त्याच्या सुरांसकट पाठ असतं.

मी मिरजेची, पेटी वाजवते, साथीला बसते. नवऱ्याची नोकरी तेलाच्या क्षेत्रातली, त्यामुळे आम्ही बरीच वर्षं कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डला होतो. हे गाव म्हणजे कंट्री संगीतातलं, अमेरिकेच्या गावाकडच्या गाण्यातलं, एक घराणंच. तीसच्या दशकात ओक्लाहोमा, टेक्सास, आर्कन्सा भागातून शेती बुडालेली माणसं कापसाच्या वेचणीला आणि तेलाच्या विहिरींवर कामाला इकडे आली, त्यांच्यासाठी बार निघाले, आणि त्या बारमध्ये नाचायला म्हणून जे वाजायला लागलं ते कंट्रीची राजधानी असलेल्या नॅशव्हिलच्या गुळगुळीत व्हायोलिनवाल्या गाण्यांपेक्षा खूप टोकदार होतं. त्या गावात गायक बक ओवेन्सच्या नावाचा बुलेवार्ड आहे, मर्ल हॅगर्डच्या नावाचा रस्ता आहे. मूनीच्या नावाचं मला तिथे काही दिसलं नाही. आणि या दोघांच्याही सुरुवातीच्या रेकॉर्डांवर स्टील कोणाची आहे? मूनीची. बकची १९५९-६० ची पहिली हिट गाणी काढा, हॅगर्डचं १९६६ चं 'स्विंगिंग डोअर्स' काढा. त्याच्याही आधी गायक विन स्टुअर्टबरोबर मूनी वाजवत होता, आणि माझं मत विचाराल तर बेकर्सफील्डचा म्हणून जो आवाज सगळे ओळखतात तो विन स्टुअर्ट आणि मूनी या जोडीने आधीच तयार करून ठेवला होता. हॅगर्ड लास व्हेगासला विन स्टुअर्टच्या बँडमध्ये बेस वाजवायला होता, तिथेच हे सगळं त्याच्या कानावर पडलं.

मग त्याचं नाव का नाही झालं? कारण ही मंडळी मोठी होईपर्यंत मूनी दुसरीकडे गेलेला असायचा. बकच्या बँडचं नाव जगभर झालं तेव्हा स्टीलवर टॉम ब्रमली होता, हॅगर्डकडे पुढे नॉर्म हॅम्लेट आला, दोघंही चांगलेच, पण लोकांनी फोटोत जो दिसला त्याला श्रेय दिलं.

आता गोष्ट सांगते, कारण तुमचा प्रश्न वाचल्यावर मला पहिल्यांदा तीच आठवली.

एका वर्षी लॉस एंजेलिसकडच्या एका मंडळाचा गणेशोत्सव होता, भारतातून एक गायक आले होते, नाट्यपदांचा कार्यक्रम. पेटीला मी. पत्रकावर गायकांचा मोठा फोटो, खाली त्यांना मिळालेले पुरस्कार, त्याखाली प्रायोजकांची नावं, अगदी जेवण देणाऱ्या केटररचंसुद्धा नाव, आणि एका ओळीत 'तबला व पेटी : स्थानिक कलाकार'. तबल्याला जो मुलगा होता तो फ्रेस्नोहून गाडी चालवत आला होता, त्यालाही नाव नाही. बरं, तेही चालवून घेतलं असतं. कार्यक्रम झाल्यावर गायक संयोजकांना माझ्यासमोर म्हणाले, पेटी फार बोलत होती, साथीदाराने सावलीसारखं मागे मागे यावं. मी काय वाजवलं होतं ते मला नीट माहीत आहे. त्यांनी तान संपवून श्वास घेतला की त्या जागेत मी तिचाच शेवटचा तुकडा घेऊन समेवर आणून सोडत होते, आणि दोनदा त्यावर लोकांची दाद आली. शब्दांवर मी एकदाही आले नाही. गायकांना राग आला तो दादेचा आला.

परत येताना गाडीत आमचे दाजी होते, मिरजेहून आमच्याकडे राहायला आलेले. ग्रेपवाइनचा घाट चढेपर्यंत कोणी काही बोललं नाही, मग दाजींनीच सुरू केलं. म्हणाले, "हे बघ, गाणं गायकाचंच असतं. तिकीट त्याच्या नावावर खपतं. वाजवणारा आज हा, उद्या तो." मी म्हटलं, "दाजी, मग गोविंदराव पटवर्धन?" छोटा गंधर्व गाताना गोविंदरावांची पेटी ऐकायला म्हणून माणसं पुढच्या रांगेत बसायची हे दाजींनी स्वतः आम्हाला सांगितलेलं. तर म्हणाले, "ते अपवाद. अपवादावर नियम करू नकोस."

मी थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हटलं, "दाजी, घरी गेले चार दिवस स्वयंपाकघरात ते वेलनचं गाणं लागतंय, तुम्हाला आवडलं म्हणालात ते, म्हणून दाखवा बरं कसं आहे." दाजींना इंग्रजी शब्द पाठ नव्हते. त्यांनी स्टिअरिंगवर ठेका धरला आणि जे गुणगुणले तो 'रेनी डे वूमन'चा सुरुवातीचा आणि ओळींच्या मधला तुकडा. पूर्ण मूनीचा. गायकाची एक ओळ त्यात नव्हती. मी म्हटलं, "तुम्ही आत्ता जे म्हटलं ते गायकाचं नाही, वाजवणाऱ्याचं आहे, आणि त्याचं नाव तुम्हाला माहीत नाही." दाजी मान्य करणाऱ्यातले नव्हेत, ते म्हणाले हे गाणं वेगळ्या जातीचं आहे आणि विषय पेट्रोलवर नेला. पण पुढे मिरजेला गेल्यावर त्यांनी ताईला सांगून माझ्याकडून मूनीची गाणी मागवून घेतली, आणि माझ्या लेखी तो वाद तिथेच मिटला, त्यांच्या लेखी नसेल मिटला तर त्यांनी हे वाचावं.

मूनी काय करतो ते पेटीवाल्यांच्या भाषेत सांगते. पांढरी तीनला सा धरा. स्टील गिटारची ई नाइन ट्यूनिंग म्हणजे साधारण त्या पट्टीत लावलेल्या दहा तारा, डाव्या हातात लोखंडी कांडी तारांवर टेकवलेली, उजव्या हाताच्या बोटांना नख्या. आता सा-ग-प छेडा आणि कांडी अजिबात न हलवता डाव्या पायाने पहिली दोन पेडल दाबा. खालच्या सळया तारा ताणतात, गंधार मध्यमावर सरकतो, पंचम धैवतावर सरकतो, आणि षड्ज जिथल्या तिथे राहतो. म्हणजे सा-म-ध. दोन सूर मींड घेतायत आणि तिसरा ढिम्म उभा. सारंगीवर मींड निघते पण असे तीन सूर एकदम धरता येत नाहीत, पेटीवर तिन्ही धरता येतात पण मींड निघत नाही, आणि ही गोष्ट मला त्या वाद्याची पहिल्यापासून इतकी लागली की मी रात्र-रात्र पेटीवर ती जागा शोधत बसायचे, कणस्वर लावून, भाता अर्धा सोडून, नाहीच येत ती.

हे पेडल दाबणं सगळेच करतात. बरेच वादक ते सावकाश दाबतात, आवाज हळूहळू फुलवतात आणि ऐकणाऱ्याला रडवतात. मूनी रडवत नाही. त्याचे सूर आखूड, चकचकीत, वरच्या तारांवरचे, आणि पेडल दाबून सोडायची त्याची गती अशी की सूर वाकला हे कळेपर्यंत पुढचा आलेला असतो. दुःखाच्या गाण्यात असं वाजवायला हिंमत लागते. हॅगर्ड दारू आणि बारबद्दल गातोय आणि मागे स्टील उड्या मारतेय, आणि तरीही गाणं जास्त दुखतं. आणि एक बघा, गायकाचा शब्द चालू असताना तो जवळजवळ नसतो. ओळ संपली की येतो, पुढच्या ओळीच्या आधी निघून जातो, पण आला की पूर्ण आवाजात येतो, लाजत नाही. सावलीसारखं मागे या म्हणणाऱ्यांना मला हेच ऐकवायचं होतं. जागा सोडणं आणि दबून वाजवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वेलन जेनिंग्सला ते कळत होतं, मूनी १९७० पासून सुमारे वीस वर्षं त्याच्याकडे होता, आणि गाण्याच्या मध्येच वेलन त्याला 'मून' म्हणून हाक मारून पुढे बोलावतो. रेकॉर्डवर ऐकू येतं ते. एवढा मोठा गायक साथीदाराचं नाव घेतोय, आणि आपल्याकडे पत्रकावर छापायला जागा नसते.

अजून एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. 'क्रेझी आर्म्स' हे गाणं चक सील्सच्या जोडीने मूनीने लिहिलंय. गायक रे प्राइसने ते १९५६ साली गायलं आणि बिलबोर्ड मासिकाच्या कंट्री यादीत ते वीस आठवडे पहिल्या नंबरवर होतं. रॉक अँड रोल गायक जेरी ली लुईसची पहिली रेकॉर्डसुद्धा याच गाण्याची. मूनीच्या दारूपायी बायको घर सोडून गेली तेव्हा त्याने ते लिहिलं. आणि ते जिथून गाजलं त्या रे प्राइसच्या रेकॉर्डवर मूनी वाजवत नाहीये! पुढे २०१० च्या, कंट्री गायक मार्टी स्टुअर्टच्या अल्बमवर ऐंशी ओलांडलेल्या मूनीने स्वतः ते नुसतं स्टीलवर वाजवलंय, शब्द नाहीत, गायक नाही. दाजींना मी सगळ्यात आधी ते पाठवलं होतं. २० मार्च २०११ ला टेक्सासमध्ये तो गेला.

तर ऐकायचा क्रम माझ्या मते असा. आधी 'स्विंगिंग डोअर्स', मग 'रेनी डे वूमन', मग मागे जाऊन विन स्टुअर्टची १९६० च्या आसपासची गाणी, आणि मग गिटारवादक जेम्स बर्टनबरोबरचा मूनीचा १९६८ चा वाद्यसंगीताचा अल्बम, ज्याच्यावर त्याचं नाव पुढे छापलेलं आहे. चांगल्या हेडफोनवर ऐका, मोबाइलच्या स्पीकरवर वरच्या तारा किरकिरतात आणि मग लोक म्हणतात हा कर्कश आहे. थोडा आहे कर्कश, खोटं कशाला बोलू. मखमली स्टील हवी असेल तर लॉइड ग्रीन ऐका, तो फार सुंदर वाजवतो, आणि तंत्रात एमन्स मूनीच्या पुढे आहे यावर मी भांडणार नाही. स्टील गिटारवाल्यांच्या स्वतःच्या हॉल ऑफ फेममध्ये मूनीला १९८३ मध्ये घेतलंय, त्यामुळे वाजवणाऱ्यांनी त्याला ओळखलं नाही असं मी म्हणत नाही, ऐकणाऱ्यांनी ओळखलं नाही असं म्हणतेय. आणि मी जुन्या गाण्यांपलीकडे फार जात नाही, हेही लक्षात घ्या.

तुम्ही कधी कुठल्या मंडळाच्या कार्यकारिणीत असाल तर एवढं करा, पत्रकावर तबला, पेटी, व्हायोलिन, टाळ, सगळ्यांची पूर्ण नावं छापा, आडनावासकट. 'स्थानिक कलाकार' लिहू नका. आणि गायकाने पेटी कमी करा म्हटलं तर आधी रेकॉर्डिंग ऐका आणि मग बोला.

शिकण्याचं. आपल्याकडे जी हवाईयन गिटार वाजायची, व्हॅन शिप्ले वगैरेंची, तिला पेडल नसतात, पण कांडीचा हात तोच. म्हणून माझं म्हणणं, पेडलवाली घ्यायच्या आधी साधी लॅप स्टील घ्या, स्वस्त पडते, आणि कांडी बरोबर तारेखाली आखलेल्या रेघेवर आणून सूर खरा लागतोय का हे तानपुऱ्यावर तपासत बसा. तिथे पडदा नाही, केसाएवढं मागेपुढे झालं की बेसूर. पेडलवाली आपल्याकडे दुकानात सहज मिळत नाही, बाहेरून मागवावी लागते, वजनाला जड असते आणि सळयांचं जुळवणं करून देणारा माणूस मिळणं त्याहून अवघड. जुनी घेत असाल तर प्रत्येक पेडल दाबून सोडा आणि तार आपल्या मूळ सुरावर परत येते का ते बघा. येत नसेल तर घेऊ नका.