कोविडच्या काळात ‘मी ठीक आहे’ असं वाटतंय, तेवढं पुरेसं धरायचं का?

नाही. महामारीत आजूबाजूचे सगळेच धास्तावलेले असतात, त्यामुळे ‘सगळ्यांचंच असं चाललंय’ म्हणून माणूस उडालेली झोपही अंगावर काढतो. त्यापेक्षा पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली भरा: मागच्या २ आठवड्यांबद्दल ९ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण. बेरीज १० किंवा जास्त आली तर डॉक्टरांना दाखवा. नववा प्रश्न जीव नकोसा वाटण्याचा. तिथे शून्याखेरीज काहीही आलं तर बेरीज बघत बसू नका, त्याच दिवशी कुणाशी तरी बोला. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. मात्र थकवा, भूक आणि झोपेच्या प्रश्नांचे गुण कोविडच्या दुखण्यानेही वाढतात. नुकतेच आजारातून उठला असाल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.