वाचकांचे प्रश्न: शंका आली की वाचन थांबवावं का?

प्रश्न: रोज बायबल वाचतो, पण थोमाच्या, म्हणजे येशू पुन्हा उठला यावर पाहिल्याशिवाय विश्वास न ठेवणाऱ्या शिष्याच्या, उताऱ्यापाशी अपराधी वाटतं. माझ्याही मनात शंका आहेत. वाचन थांबवू का?

उत्तर: थांबवू नका. बहुतेक जण योहान 20:29 (‘न पाहता विश्वास ठेवणारे धन्य’) हे एकच वचन घेतात आणि स्वतःला दोषी ठरवतात. चूक तिथेच होते. 19व्या वचनापासून सावकाश, मोठ्याने दोनदा वाचा. 20व्या वचनात येशू इतर शिष्यांना जखमा झालेले हात आणि कूस आपणहून दाखवतो. थोमा मागतो तेही तेच. पुढे आठ दिवस जातात, तरी तो त्यांच्यातच आहे, कुणी त्याला बाहेर काढलेलं नाही! आणि त्याने जखमेत बोट घातलं, असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मार्क 9:14-29 घ्या. तिथला बाप विश्वास आणि अविश्वास एकाच दमात कबूल करतो, तरी मुलगा बरा होतो. मन फारच कोरडं असेल तर स्तोत्र 13, फक्त सहा वचनं. पहिल्या दोन वचनांत ‘कुठवर?’ हा प्रश्न चारदा येतो. तोच तुमची प्रार्थना म्हणून म्हणा.

वहीत तारीख घालून शंका एका ओळीत लिहा. उत्तर त्याच दिवशी शोधू नका. घाईने ओढूनताणून काढलेलं उत्तर टिकत नाही. महिन्याने ती वही आपल्या धर्मगुरूंपुढे उघडा.